अर्धं छप्पर आणि दोन अटी: एका मंडळीतल्या वादाचा प्रकरण अभ्यास

उत्तर रत्नागिरीतलं बंदराजवळचं एक गाव. तिथली ख्रिस्ती मंडळी लहान, पंचवीस-तीस घरांची. त्यातली निम्मी घरं मे महिन्यात आणि नाताळातच उघडतात, कारण माणसं मुंबईला. चर्च जुनं: जांभ्याच्या भिंती, सागवानी वासे, मंगलोरी कौलं. या चर्चच्या छपरावरून 2021 च्या उन्हाळ्यात जो वाद पेटला तो मध्यस्थ म्हणून मला जवळून बघायला मिळाला. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही. दोन मुख्य माणसांना गावात ज्या नावाने हाक मारतात तीच इथे वापरतो: एक मास्तर, दुसरा इंजिनियर.

देवाचं गौरव आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा यांतला फरक व्यासपीठावरून सांगायला सोपा असतो. एक बाजू शुभ्र, दुसरी काळी. इथे दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती, दोघांच्याही तोंडी देवाचंच नाव होतं, आणि दोघांच्या मधे पावसात भिजणारी बाकं होती.

वादळ

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं आणि बाणकोट खाडीच्या अलीकडे मंडणगड-दापोलीचीही त्याने धूळधाण केली. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. चर्चच्या छपराची समुद्राकडची बाजू पार उघडी पडली, दुसऱ्या बाजूचीही बरीच कौलं फुटली. पावसाळा तोंडावर. टाळेबंदी चालू, मुंबईहून यायचं तर ई-पास, आणि सगळ्या तालुक्यालाच एकदम कौलं आणि पत्रे हवे असल्यामुळे दोन्ही मिळेनात.

त्या दिवसांत जे झालं ते गावात होते त्यांनी केलं. मास्तर म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, चर्चचा कारभार बघणाऱ्या पाळकीय समितीचे कैक वर्षांचे सेक्रेटरी. बाप्तिस्म्याची आणि लग्नांची रजिस्टरं त्यांनी आपल्या घरी नेली आणि पुढचे पंधरा दिवस चुलीच्या उबेला एकेक पान सुटं करून वाळवली. महिला मंडळाच्या आक्कांनी बाजाची पेटी उचलून स्वतःच्या माजघरात ठेवली. बाजारातल्या किराणा दुकानदाराने गोणींवरची ताडपत्री काढून दिली. दुकानदार मुसलमान, भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "देवाच्या घराचं भाडं घेऊ होय?" त्या ताडपत्रीवर अख्खा पावसाळा निघाला.

इंजिनियर तेव्हा मुंबईत. वय पंचेचाळीसच्या आसपास, बांधकामाच्या साइटवर चांगल्या पदावर. त्याचा बाप याच चर्चचा शिपाई होता. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, पेट्रोमॅक्स पेटवायचा, कुणी गेलं की कबर खणायची. चर्चच्या मागच्या खोलीत हे कुटुंब राहिलं. पोराने त्याच आवारात अभ्यास केला, डिप्लोमा केला आणि वर आला.

छपरासाठी पैसा उभा केला तो त्यानेच, हे मास्तरही नाकारत नाहीत. घरात बसून त्याने फोन फिरवले. ठाण्या-कल्याणपासून आखातापर्यंत गावचे जेवढे ख्रिस्ती लोक होते त्या सगळ्यांना गाठलं. नकाशा काढला, लोखंडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, आणि वर जुन्याच धर्तीची कौलं असा अंदाज बांधला. 16 नोव्हेंबर 2020 ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा त्याच्याकडे निम्म्याहून जास्त रकमेची वचनं होती. स्वतःची रक्कम सगळ्यांत मोठी. कामाचा माणूस, शब्दाचाही पक्का.

एवढं झाल्यावर वाद कशाचा? वाद पहिल्यांदा लोकांच्या डोळ्यांना दिसला तो हंगामाच्या सणाला.

लिलाव

जिथे हा सण होतो तिथल्या वाचकांना लिलाव माहीत असेल, इतरांसाठी सांगतो. वर्षातून एकदा घरोघरचं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात: तांदूळ, पावटे, सुपारी, केळीचा घड, कोंबडा, कुणी शिवलेली गोधडी. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. वस्तूच्या किमतीशी बोलीचा काही संबंध नसतो. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, घेणारा तो पुन्हा लिलावाला देतो आणि तोच भोपळा आणखी सातशे मिळवून देतो. हशा-टाळ्या होतात, पोरं ओरडतात, मंडळीच्या वर्षाच्या खर्चातला चांगला वाटा अशा दुपारी जमतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि तितकीच त्याची धास्तीही वाटते. दान आणि दिखावा इतके खेटून बसलेले दुसरीकडे क्वचितच सापडतील.

जानेवारी 2021 च्या सणाला आक्कांच्या परसातला एक सोललेला नारळ लिलावाला आला. शंभर, दीडशे, दोनशे. इंजिनियर मागे उभा होता. त्याने एकदम "पाच हजार" म्हटलं. लोक हसले. मास्तरांच्या पुतण्याने गमतीत "साडेपाच" केलं. इंजिनियर हसला नाही. "अकरा हजार." मग कुणीच बोललं नाही. तो पुढे आला, नारळ घेतला, पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि नारळ पुन्हा लिलावाला न देता सरळ बगलेत मारून निघाला. टाळ्या वाजल्या, पण वाजवणारे एकमेकांकडे बघत होते.

त्या संध्याकाळी गावातलं मत ठरून गेलं: पैशाचा माज. मलाही हा प्रसंग पहिल्यांदा असाच सांगण्यात आला. पुढे आक्कांनी दुसरा अर्धा सांगितला. इंजिनियर आठ-नऊ वर्षांचा असताना त्याच अंगणात त्याच्या बापाने एका काशीफळावर दोन रुपयांची बोली लावली होती. लिलाव करणारे वडीलधारे म्हणाले, "तू कशाला बोलतोस, उरलेलं तुलाच मिळायचं आहे." सगळे हसले, बापही हसला. पोरगं बापाचा हात धरून उभं होतं. लिलाव करणारे कोण होते ते आक्कांनी सांगितलं नाही, पण रजिस्टरात बघितलं तर त्या काळात तो मान एकाच घराकडे होता.

बाप्तिस्म्याने जात जाते असं आपण म्हणतो. मान-अपमानाची उतरंड तशी जात नाही. ती बाकांच्या क्रमात, लिलावाच्या टेबलावर आणि प्रभुभोजनाला कोण आधी उठतो यात बसून राहते.

कोनशिला

फेब्रुवारीत काम सुरू झालं. जुने वासे उतरवले, कैच्या चढल्या, समुद्राकडची बाजू कौलांनी झाकली गेली. रोज फोटो ग्रुपवर. प्रत्येक फोटोवर "सर्व गौरव प्रभूला" आणि प्रत्येक फोटोत हेल्मेट घातलेला इंजिनियर. लोक आधी अंगठा दाखवत, मग हात जोडत, मग काहीच पाठवेनासे झाले.

मार्चमध्ये त्याने समितीपुढे प्रस्ताव ठेवला: दाराशेजारी ग्रॅनाइटची कोनशिला बसवावी, तीवर जीर्णोद्धाराचं साल आणि "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलाकडून" असा मजकूर. मास्तर उभे राहिले. म्हणाले, हे देवाचं घर आहे, इथे माणसांची नावं लावायची नाहीत, गौरव एकट्या देवाचं. समितीतले बरेच जण मनातून त्यांच्याच बाजूचे होते, पण बोललं कुणी नाही, कारण शेवटचा हप्ता इंजिनियरकडून यायचा होता.

आता एक तपशील. चर्चच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली एक संगमरवरी पाटी आहे, हात ठेवला तर अक्षरं बोटांना लागतात. ज्यांनी या चर्चला जागा दिली त्यांचं नाव तीवर आहे. ते मास्तरांचे आजोबा. मास्तर दर रविवारी त्याच खिडकीशेजारी बसतात. नावं लावायची आपली पद्धत नाही असं ते म्हणाले तेव्हा त्यांना ती पाटी आठवलीच नसणार. खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. स्वतःच्या घराण्याचं नाव इतकं भिंतीचा भाग झालं होतं की ते नाव म्हणून त्यांना दिसतच नव्हतं.

पुढचं फार भराभर घडलं. इंजिनियर म्हणाला, कोनशिलेचा ठराव झाला की उरलेले पैसे जमा करतो. मास्तर म्हणाले, नावाचा विषय कायमचा मिटल्याशिवाय मी एकाही चेकवर सही करणार नाही. खात्यावर दोन सह्या लागत, त्यातली एक मास्तरांची. काम थांबलं. कैच्या उभ्या, अर्ध्या बाजूला कौलं, अर्ध्या बाजूला तीच उसनी ताडपत्री. एप्रिलमध्ये प्रार्थनास्थळं पुन्हा बंद झाली आणि बोलणंही तुटलं. गावात मुंबईवाले आणि गाववाले असे तट पडले. फोनवरच्या प्रार्थना-सभासुद्धा दोन झाल्या, एकाच वेळेला. मग मेच्या मध्यावर, 16-17 तारखेला, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला लगटून उत्तरेकडे गेलं आणि ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या. तेव्हा पाळकसाहेबांचा मला फोन आला.

दोघांचं म्हणणं

इंजिनियर कामावर लक्ष ठेवायला म्हणून आधीच गावी आला होता, तो चर्चमागच्या त्याच खोलीत उतरला होता. मी गेलो तर पंपावर पाणी भरत होता.

"सलाम काका. बसा. तुम्हीही सांगायला आलात ना, गर्व करू नको म्हणून?"

"सांगायला नाही, विचारायला आलो. दगडावर तुझं नाव हवंय की बाबांचं?"

"बाबांचं. माझं काय करायचंय मला?"

"मग 'मुलाकडून' कशाला?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, नुसतं बाबांचं लावलं तर लोक म्हणतील मंडळीने लावलं. मंडळीने लावलं नाही. मंडळीने त्यांना चाळीस वर्षं कबरी खणायला लावल्या. हे मी केलंय, हे त्यांना कळलं पाहिजे."

त्या दिवशीचं सगळ्यांत प्रामाणिक वाक्य तेच होतं. बापाबद्दलचं प्रेम त्यात खरं होतं, जुन्या अपमानाची परतफेडही खरी होती, आणि दोन्ही एका दगडावर कोरायची होती.

मास्तरांकडे चहा झाला. त्यांनी मला लहानपणी पाठ केलेल्या प्रश्नोत्तरीचं पहिलं उत्तर म्हणून दाखवलं: मनुष्याचा मुख्य हेतू देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्या ठायी आनंद करणं. ती प्रश्नोत्तरी वेस्टमिन्स्टरची, 1647 ची. या पट्ट्यात बाणकोटला 1823 साली स्कॉटिश मिशनरी येऊन राहिले, पुढे हर्णैला गेले. त्यांच्या परंपरेतलं हे पाठांतर. मास्तरांचे उच्चार अजून स्वच्छ आहेत.

"मास्तर, पहिला भाग झाला. दुसरा?"

"दुसरा कुठला?"

"आनंद करण्याचा. गेल्या तीन महिन्यांत या छपराकडे बघून तुम्हाला एकदा तरी आनंद झाला?"

"अर्ध्या छपराकडे बघून कसला आनंद?"

"अर्धं तरी झालं ना. वर्षभर ताडपत्री होती."

ते म्हणाले, "रजिस्टरं मी वाळवली. त्याचा फोटो कुणी काढला नाही." म्हणून लगेच थांबले. निघालेला शब्द त्यांनाच ऐकू आला असावा. मी काही बोललो नाही, चहा प्यायलो.

वचनं काय म्हणतात

या वादात दोन्हीकडून बायबलमधल्या वचनांचा मारा झाला होता. मास्तरांच्या बाजूने बाबेलचा बुरूज, "आपण आपले नाव करू" म्हणणारी माणसं, आणि मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं: लोकांनी बघावं म्हणून धर्माचरण करू नका. इंजिनियरच्या बाजूने त्याच शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय: तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या, त्यांनी तुमची सत्कर्मं बघून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. एकाच डोंगरावरच्या प्रवचनातली ही दोन्ही वाक्यं. दिसणं हाच गुन्हा असता तर पाचव्या अध्यायातलं वाक्य आलंच नसतं. उजेड बघून लोकांनी पित्याकडे बघायचं आहे. लोक दिव्याशीच अडले तर ते कसं कळणार, हा खरा अडचणीचा भाग आहे आणि त्याला सरळ मोजपट्टी नाही.

नावाच्या बाबतीत मास्तरांचं म्हणणं शास्त्राला धरून नव्हतं, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. नहेम्याचा तिसरा अध्याय उघडा. यरुशलेमेच्या तटाची डागडुजी कुणी कुणी केली याची ती अख्खी यादी आहे. कुठला दरवाजा कुणी बसवला, अडसर कुणी घातले, स्वतःच्या घरासमोरचा भाग कुणी बांधला. सोनार आहेत, अत्तरवाले आहेत, व्यापारी आहेत, शल्लूम आणि त्याच्या मुली आहेत. तकोवकरांच्या सरदारांनी कामाला खांदा दिला नाही, हेही त्यात नोंदलंय. छप्पर दुरुस्त करणाऱ्या मंडळीसाठी याहून जवळचा अध्याय मला माहीत नाही. रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्यायही असाच नावांनी भरलेला. देवाला माणसांच्या नावांचं वावडं नाही.

मग इंजिनियर बरोबर होता का? इथे मी मार्कच्या दहाव्या अध्यायाकडे येतो, पण नेहमीच्या वाटेने नाही. येशूच्या बारा शिष्यांपैकी दोघे, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान, त्याच्याकडे उजवी-डावी जागा मागतात, यावर शेकडो प्रवचनं आहेत. त्यानंतरच्या एका ओळीवर फारशी नाहीत: हे ऐकून बाकीचे दहा त्या दोघांवर रागावले. का रागावले? ते नम्र होते म्हणून? थोडंच आधी, नवव्या अध्यायात, आपल्यात मोठा कोण याचीच चर्चा वाटेने सगळे मिळून करत होते. दहांचा राग हा रांगेत मागे पडलेल्यांचा राग आहे. येशू बारांनाही जवळ बोलावून सगळ्यांना एकच उत्तर देतो. आणि मोठं व्हायची इच्छा धरू नका असं तो म्हणत नाही. ज्याला मोठं व्हायचं आहे त्याने सेवक व्हावं, असं म्हणतो. या गावात इंजिनियर हा जब्दीचा मुलगा होता आणि मास्तर त्या दहांपैकी एक.

माझ्या मते या प्रकरणाची नस फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत. बाहेर काही लोक हेव्याने, चढाओढीने, पौलाला कैदेत आणखी त्रास व्हावा म्हणून ख्रिस्ताची घोषणा करताहेत. ही माणसं शिकवण चुकीची देत नव्हती, हेतू वाईट होता. पौल काय म्हणतो? निमित्ताने असो की खरेपणाने असो, ख्रिस्ताची घोषणा होते आहे, आणि यात मी आनंद करतो. पुढच्याच अध्यायात तोच पौल चढाओढीने आणि पोकळ बढाईने काही करू नका असं बजावतो, म्हणजे हेतूंना त्याने सवलत दिलेली नाही. पण दुसऱ्याच्या मलिन हेतूमुळे चांगल्या कामातला त्याचा आनंद अडत नाही. काम नीट व्हावं एवढंच त्याला हवं होतं, आपल्या हातून व्हावं अशी त्याची अट नव्हती.

अट. बाहेरून बघणाऱ्याला महत्त्वाकांक्षा ओळखायची याहून चांगली खूण मला सापडलेली नाही. मनातला हेतू कुणाला दिसत नाही, स्वतःचा स्वतःलाही धड दिसत नाही, आणि दुसऱ्याच्या हेतूवर निकाल देणं हा मंडळ्यांमधला आवडता आणि घातक उद्योग आहे. अट मात्र दिसते. ती बोलून दाखवावी लागते. बापाच्या नावाची इच्छा धरण्यात इंजिनियरचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते त्या इच्छेला छपराचा हप्ता बांधला तिथे. मास्तरांचा विरोधही त्यांचा हक्क होता. तो सहीला बांधला तिथे त्यांचंही तेच झालं. एकाची अट पैशाची, म्हणून ती गर्व दिसली. दुसऱ्याची तत्त्वाची, म्हणून ती भक्ती दिसली. पाणी दोन्हींतून सारखंच गळत होतं.

अट नसलेली माणसंही आपल्याकडे आहेत. दाविदाला मंदिर बांधायचं होतं, त्याला नाही म्हटलं गेलं, तर त्याने सोनं, चांदी, लोखंड, देवदार गोळा करून शलमोनाच्या हवाली केलं. मंदिर पुढे शलमोनाच्याच नावावर राहिलं. आणि लांब कशाला जा, दापोली तालुक्यातल्या करजगावात 1861 साली जन्मलेले नारायण वामन टिळक घ्या. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं काम आणि वेतन सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तशिष्यांचा मेळा सुरू केला, 1919 मध्ये ते गेले. येशूच्या जीवनावरचं त्यांचं महाकाव्य ख्रिस्तायन अपुरंच राहिलं आणि ते पुरं केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या भजनांना आज शंभर वर्षं उलटून गेली. गावोगावच्या मंडळ्या ती म्हणतात, निम्म्यांना ती कुणाची हेही माहीत नसतं.

बैठक

मेच्या शेवटी चर्चमध्येच बसलो. इंजिनियर, मास्तर, पाळकसाहेब, आक्का, खजिनदार आणि मी; अंतर ठेवून, तोंडाला मास्क. अर्ध्या छपराखाली सावली, अर्ध्यात ऊन. मी एकच मागणी ठेवली: छप्पर आणि दगड हे दोन विषय वेगळे करा. दगडाचं काय व्हायचं ते पावसानंतर. आज फक्त छपराचं.

मग इंजिनियरला विचारलं, समितीने तुझे सगळे पैसे परत केले आणि दुसऱ्या कुणी हे छप्पर पुरं केलं, तर ते देवाला अर्पण करायच्या उपासनेला तू येशील?

तो म्हणाला, "परत कसे करतील? तेवढे पैसे यांच्याकडे आहेत कुठे?"

"आहेत असं धर."

"...येणार नाही, काका. खरं सांगतो."

मास्तरांना विचारलं, शिपायाच्या नावाचा दगड लागू नये हे तत्त्व असेल, तर तुमच्या आजोबांची पाटी उतरवायचा ठराव तुम्ही मांडाल? मास्तरांनी खिडकीकडे बघितलं. "ती जुनी आहे," म्हणाले. "शंभर वर्षांनी हीही जुनी होईल," आक्का म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

या दोन प्रश्नांनी काही चमत्कार झाला नाही. झालं ते एवढंच, की दोघांनाही पुढे आपण देवाच्या गौरवासाठी अडून बसलोय असं म्हणायची सोय उरली नाही. खजिनदाराने हिशेब वाचला. कौलं आवारात रचलेली होती, मजुरी आणि रिपांचे पैसे तेवढे हवे होते. आक्कांनी विषय संपवला. त्या म्हणाल्या, महिला मंडळाच्या भिशीतले पैसे आहेत, मजुरी आम्ही देतो, तुमचं तुम्ही ठरवत बसा. तेव्हा इंजिनियरने तिथल्या तिथे फोनवरून पैसे खात्यात टाकले. मास्तरांनी चेकबुक मागवलं. यात पश्चात्ताप किती आणि बायकांपुढे मान खाली जायची भीती किती, हे मी सांगू शकणार नाही, आणि पौलाच्या हिशेबाने ते मला विचारायचंही नाही. मृग लागायच्या आत कौलं चढली.

त्यानंतर

पाळकसाहेबांनी एक केलं ते मला फार पटलं. नहेम्याचा तिसरा अध्याय समोर ठेवून त्यांनी रजिस्टरात एक पान लिहून घेतलं: रजिस्टरं कुणी वाळवली, पेटी कुणी ठेवली, ताडपत्री कुणाची, नकाशा कुणाचा, कैच्या कुणी जोडल्या, कुणी किती दिलं, आणि आधीच्या चाळीस वर्षांत घंटा कुणी वाजवली. दुकानदाराचंही नाव त्यात आहे. प्रार्थनास्थळं ऑक्टोबर 2021 मध्ये उघडल्यावर ते पान उपासनेत वाचलं गेलं.

कोनशिलेचा ठराव मात्र वर्षभराने असा झाला: यापुढे चर्चमध्ये कुणाच्याही नावाचा दगड लावू नये, आधीची पाटी ऐतिहासिक म्हणून राहू द्यावी. हा निर्णय मला पटलेला नाही. ज्यांची नावं लागून गेली त्यांच्यासाठी तो सोयीचा आहे आणि ज्यांच्या बापाला बोलीसुद्धा लावू दिली नाही त्यांना तो नम्रता शिकवतो. नम्रतेचा धडा नेहमी खालच्या पायरीवरच्याला द्यायचा ही जुनी खोड आहे. एक तर दोन्ही दगड ठेवा नाही तर दोन्ही काढा, असं मी लिहून कळवलं. उत्तर आलेलं नाही.

इंजिनियर समितीच्या ग्रुपमधून बाहेर पडला. चर्च सोडलेलं नाही. मेमध्ये येतो तेव्हा मागच्या बाकावर बसतो, फोटो काढत नाही. तो निवळला की दुखावला, यावर गावात दोन मतं आहेत. मास्तरांनी सेक्रेटरीपद सोडलं. त्यांच्या जागी आलेल्या तरुणीला ते न बोलावता मदतीला जातात, आणि तिच्या टिपणातल्या चुका अजून लाल शाईने काढतात.

लिलावाचाही नियम बदलला. आता चढ्या आवाजातली बोली नाही. वस्तूपुढे पेटी ठेवलेली असते, रक्कम पाकिटात घालून टाकायची, पाकिटावर नाव नाही. पहिल्या वर्षी जमा चांगलीच घटली. खजिनदाराने पुढच्या वार्षिक सभेसाठी ठराव दिला आहे की जुनी पद्धत परत सुरू करावी, आणि त्यावर पहिली सही आक्कांची आहे.